ध्वनीसोबतचे शब्द : तयार पार्श्वसंगीताच्या शोधयंत्रणांचा मागोवा

चित्रपट, दूरचित्रवाणी, रेडिओ आणि जाहिरात या माध्यमांसाठी आधीच रचून, ध्वनिमुद्रित करून आणि हक्कांची व्यवस्था लावून ठेवलेल्या संगीताला व्यवसायात प्रॉडक्शन म्युझिक किंवा लायब्ररी म्युझिक म्हणतात. एखाद्या दृश्यासाठी संगीतकार नेमून नवे संगीत करून घेण्याइतका वेळ किंवा पैसा निर्मात्याकडे नसतो, तेव्हा संकलक अशा संग्रहातून योग्य तुकडा निवडतो, ठरलेल्या दराने परवाना घेतो आणि तो तुकडा दृश्याखाली बसवतो. हा व्यवहार शंभर वर्षांहून जुना असला, तरी संगणकांच्या जाळ्यावरून असा तुकडा शोधणे, ऐकून पाहणे आणि उतरवून घेणे या गोष्टी गेल्या तीन-साडेतीन दशकांत घडत गेल्या. हा बदल बहुधा वेगाच्या अंगाने सांगितला जातो. परंतु त्याचे टप्पे एकापुढे एक मांडले, तर संगीत पोहोचवण्याची अडचण दर टप्प्यावर हलकी होत गेली आणि त्या संगीताचे शब्दांत वर्णन करण्याची अडचण मात्र दर टप्प्यावर वाढत गेली, असे दिसते.

या व्यवसायाचा आरंभ मूकपटांच्या काळात आहे. मेयर डी वुल्फ यांनी १९०९ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेली डी वुल्फ ही संस्था चित्रपटगृहांतील वादकांना प्रसंगानुरूप वाजवण्यासाठी छापील स्वरलेखन पुरवीत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, तेव्हा स्वरलेखनाची जागा ध्वनिमुद्रित संगीताने घेतली आणि पुढे चॅपेल, बूझी अँड हॉक्स, केपीएम अशा प्रकाशकांनी आपापले संग्रह उभे केले. हे संगीत दुकानात विकले जात नसे. प्रकाशक त्याच्या तबकड्या निर्मितीसंस्थांना आणि प्रसारण केंद्रांना वाटत आणि त्यातील तुकडा प्रत्यक्ष वापरला गेला की त्या वापराचे पैसे घेत. सुई तबकडीवर जितक्यांदा टेकेल तितक्यांदा आकारणी, या हिशेबामुळे अमेरिकेत त्या परवान्याला ‘नीडल ड्रॉप’ हे नाव पडले. ब्रिटनमध्ये एमसीपीएस ही संस्था सर्व संग्रहांसाठी समान दरपत्रक ठरवू लागली आणि तेथे तीस सेकंदांचा वापर हे आकारणीचे एकक मानले गेले. म्हणजे कोणता तुकडा किती वेळ वाजला याची नोंद हा या व्यवसायाचा पाया आरंभापासूनच होता.

तबकड्यांच्या काळात शोध घेण्याचे साधन होते तबकडीचे वेष्टन. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून निघालेल्या केपीएमच्या हजार क्रमांकाच्या मालिकेतील हिरव्या वेष्टनांवर प्रत्येक तुकड्याचे नाव, संगीतकार, कालावधी आणि एक-दोन ओळींचे वर्णन छापलेले असे. ही मालिका उभी करणाऱ्या रॉबिन फिलिप्स यांनी १९७७ मध्ये ब्रुटन म्युझिक सुरू केले, तेव्हा वर्गीकरण आणखी एक पाऊल पुढे गेले. तबकडीच्या क्रमांकातील अक्षर आणि वेष्टनाचा रंग यांवरून आतले संगीत नाट्यमय आहे, निसर्गदृश्यांचे आहे की यंत्रयुगाचे, हे दुरूनच कळावे, अशी त्यामागची योजना होती. या व्यवस्थेला एक मर्यादा होती, ती अशी की एक तबकडी एकाच ठिकाणी ठेवता येते आणि म्हणून तिच्यावरील संगीताला मुख्य वर्ग एकच मिळतो. ही मर्यादा भरून काढणारा घटक म्हणजे संग्रह सांभाळणारा ग्रंथपाल. एखादे गंभीर म्हणून नोंदलेले संगीत प्रत्यक्षात विनोदी दृश्याखालीही शोभते, ही जाण वेष्टनावर छापलेली नसे. ती त्याच्या स्मरणात असे.

१९८० च्या दशकात कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि संग्रहांची वाढ वेगाने होऊ लागली. १९८३ मध्ये हॉलिवूडमध्ये असोसिएटेड प्रॉडक्शन म्युझिक, म्हणजे एपीएम, ही संस्था केपीएम आणि ब्रुटन या ब्रिटिश संग्रहांच्या अमेरिकेतील वितरणासाठी स्थापन झाली. पुढे ती अनेक संग्रहांचे परवाने एकाच दारातून देणारी मोठी संस्था झाली. संग्रहातील डिस्कची संख्या शेकड्यांतून हजारांत गेल्यावर छापील सूची हाताळणे अवघड झाले आणि तिची जागा संगणकावरील सूचीने घेतली. या सूचीत शब्द टाकला की डिस्कचा आणि तुकड्याचा क्रमांक मिळे, मग ती डिस्क कपाटातून काढून ऐकावी लागे. सूची आणि ध्वनी यांची ताटातूट हे या टप्प्याचे वैशिष्ट्य होते. त्याच सुमारास संकलनाचे काम संगणकावर सरकले होते. १९८९ मध्ये एव्हिडची मीडिया कंपोझर ही चित्रसंकलनाची प्रणाली आणि १९९१ मध्ये डिजिडिझाइनची प्रो टूल्स ही ध्वनिसंकलनाची प्रणाली बाजारात आल्यावर संकलकाला डिस्कपेक्षा फाइल हवी वाटू लागली.

या गरजेतून नेटवर्कवरील पहिल्या व्यवस्था उभ्या राहिल्या, त्या इमारतीच्या आतच. संग्रहातील डिस्क एका मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, उतरवून ठेवायच्या, त्यांची सूची त्याच संगणकावर ठेवायची आणि प्रत्येक संकलन कक्षातून शोधाची व ऐकण्याची सोय द्यायची, अशी त्यांची रचना होती. एमसॉफ्टची सर्व्हरसाउंड आणि क्रिएटिव्ह नेटवर्क डिझाइनची नेटमिक्स या प्रणाली अशा प्रकारच्या होत्या. ध्वनिपरिणामांसाठी आणि तयार संगीतासाठी स्टुडिओंनी त्या सारख्याच वापरल्या. सूची आणि ध्वनी येथे पुन्हा एकत्र आले आणि एकच तुकडा एकाच वेळी अनेक कक्षांत ऐकता येऊ लागला. मात्र ध्वनी डिस्कवरून आपोआप उतरवता येत असला, तरी त्याचे वर्णन कोणीतरी बसून टंकित करावे लागे, आणि हे काम प्रत्येक स्टुडिओ आपापल्या पद्धतीने करीत असल्याने एकाच संगीताची अनेक वर्णने निर्माण झाली.

इमारतीबाहेर संगीत पाठवणे मात्र बराच काळ अव्यवहार्य होते. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या या मापाने साठवला जातो, त्यामुळे तीन मिनिटांच्या तुकड्याची फाइल सुमारे ३२ मेगाबाइट होते. ५६ किलोबिटांच्या मोडेमवरून ती आदर्श स्थितीतही सव्वा तासाच्या आत येणे शक्य नव्हते. ऐकताना फारसा न जाणवणारा भाग वगळून फाइल लहान करणाऱ्या एमपी३ पद्धतीमुळे तोच तुकडा १२८ किलोबिटांच्या दराने तीन मेगाबाइटांच्या आत बसू लागला आणि सात-आठ मिनिटांत उतरू लागला. त्यातून दोन पायऱ्यांची कार्यपद्धती रूढ झाली. निवड करताना लहान फाइल ऐकायची आणि निवड पक्की झाल्यावर पूर्ण दर्जाची फाइल उतरवायची किंवा डिस्कवरून घ्यायची. ब्रॉडबँड सर्वत्र पोहोचेपर्यंत अनेक प्रकाशक संपूर्ण संग्रह हार्ड डिस्कवर भरून ग्राहकांकडे पाठवीत. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या ऑडिओ नेटवर्कसारख्या संस्थांनी तर आरंभापासूनच इंटरनेट हेच वितरणाचे मुख्य साधन मानले.

फाइल डिस्कपासून सुटली, तशी ती वेष्टनापासूनही सुटली आणि वर्णनाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. फाइलसोबत प्रवास करणाऱ्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. एमपी३ फाइलसाठी १९९६ मध्ये प्रचारात आलेल्या आयडी३ या पहिल्या पद्धतीत फाइलच्या शेवटी केवळ १२८ बाइटांची जागा होती. शीर्षक, कलाकार, अल्बम आणि टिपण यांना प्रत्येकी तीस अक्षरे मिळत आणि संगीतप्रकार ठरावीक यादीतील एका आकड्याने दाखवला जाई. गाण्यांच्या श्रोत्याला ते पुरेसे होते. पण संगीतकार, प्रकाशक, त्यांचे वाटे, लय, वाद्ये आणि भाव ही संकलकाला हवी असलेली माहिती त्यात मावत नव्हती. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रॉडकास्ट वेव्ह या फाइल-स्वरूपात २५६ अक्षरांचे वर्णन, निर्मात्याचे नाव, दिनांक आणि काळनिर्देश यांची सोय झाली. पुढे साउंडमायनरसारख्या कॅनडातील प्रणालीने अशी अंतर्गत माहिती वाचणे, तिच्यावर शोध घेणे आणि निवडलेला ध्वनी थेट प्रो टूल्समध्ये नेऊन ठेवणे एकत्र आणले. अशी माहिती फाइलमध्येच असल्यामुळे ती कोणत्याही सर्व्हरवर गेली तरी वर्णन तिच्याबरोबर राहू लागले.

२००० च्या दशकात प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर शोध स्थिरावला आणि नंतर सोर्सऑडिओ, ऑस्ट्रेलियातील हार्व्हेस्ट मीडिया अशा संस्थांनी अनेक संग्रहांना एकाच धाटणीची तयार यंत्रणा पुरवली. येथे एका तुकड्याला एकच वर्ग देण्याचे बंधन उरले नाही. भाव, लय, वाद्य, प्रसंग, देश, काळ अशा अनेक अंगांनी शब्द लावता येऊ लागले. या स्वातंत्र्याची किंमतही लवकरच दिसली. आपले संगीत अधिकाधिक शोधांत यावे म्हणून प्रकाशक उदार हाताने शब्द लावू लागले, तर बहुतेक तुकडे एकाच वेळी प्रसन्न, प्रेरक आणि आशादायी ठरतात आणि शोधाला धार राहत नाही. उलट शब्द फार काटेकोर ठेवले, तर वेगळ्या शब्दाने विचार करणाऱ्याला हवा तो तुकडा सापडतच नाही. नियंत्रित शब्दसूची, म्हणजे आधी ठरवलेल्या शब्दांखेरीज दुसरे शब्द न वापरण्याची शिस्त, हा यावरचा उपाय होता. परंतु अशी सूची ती तयार करणाऱ्याच्या कानाएवढीच सूक्ष्म असते. पाश्चात्त्य संग्रहांत भारतीय संगीत दीर्घकाळ ‘वर्ल्ड’ या व्यापक सदराखाली राहिले. अशा सदरात सतार आणि तबला या वाद्यनामांवरून शोध लागतो, पण अभंगाचा ठेका आणि लावणीचा ठेका यांतील फरक जाणणाऱ्या महाराष्ट्रातील संकलकाला त्याची गरज मांडायला शब्दच मिळत नाही.

शोधयंत्रणेने संगीताच्या रचनेवरही परिणाम केला. जाहिरातींसाठी साठ, तीस आणि पंधरा सेकंदांच्या आवृत्त्या देण्याची प्रथा जुनीच होती. साठवणुकीचा खर्च उतरल्यावर मुख्य सुरावट वगळलेली आवृत्ती, केवळ तालवाद्यांची आवृत्ती आणि वाद्यसमूहनिहाय सुटे थर देणेही नित्याचे झाले. परिणामी एकाच रचनेच्या अनेक फाइली शोधाच्या यादीत गर्दी करू लागल्या आणि त्या मुख्य तुकड्याखाली गुंडाळून दाखवण्याची सोय यंत्रणांना करावी लागली. पूर्वी तबकडी लावली की निदान काही काळ ती चालू ठेवली जाई. पडद्यावर ध्वनितरंगाची आकृती दिसू लागल्यावर संकलक थेट मधल्या उत्कर्षावर उडी मारू लागला आणि पहिल्या काही सेकंदांत आपला स्वभाव प्रकट करणाऱ्या रचनेला निवडीत उघड लाभ मिळू लागला.

निवडीनंतरची नोंद हा या इतिहासाचा दुसरा धागा आहे. कार्यक्रमात कोणते संगीत, कोणाचे, किती सेकंद आणि कशा रीतीने वाजले याच्या तक्त्याला क्यू शीट म्हणतात. त्यावरून ब्रिटनमध्ये पीआरएस, अमेरिकेत अ‍ॅस्कॅप आणि बीएमआय या संस्था संगीतकार व प्रकाशक यांना स्वामित्वधन वाटतात. भारतातही २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटासाठी रचना करणाऱ्या संगीतकार-गीतकारांचा काही वापरांवरील स्वामित्वधनाचा हक्क कायदेशीर वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज कोणाला देऊन टाकता येणार नाही असे ठरवल्यामुळे, १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या हक्कसंस्थेच्या दृष्टीने अशा नोंदींचे मोल वाढले. हाताने भरलेल्या तक्त्यांतील चुका टाळण्यासाठी लंडनच्या साउंडमाउससारख्या यंत्रणा पुढे आल्या. ध्वनीतील ठळक कंपनबिंदूंच्या रचनेवरून तुकडा ओळखण्याची, म्हणजे ध्वनिठशाची, पद्धतही २००० च्या दशकात परिपक्व झाली. तिच्यामुळे प्रसारणातून संगीत आपोआप ओळखता येऊ लागले, पण त्याच वेळी एक जुनी पळवाट उघडी पडली. काही संगीतकार एकच ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या संग्रहांना वेगवेगळ्या नावांनी देत असत. ध्वनिठसा सर्व ठिकाणी एकच आढळे, त्यामुळे परवाना कोणत्या संग्रहाकडून घेतला आणि पैसे कोणाला द्यायचे, याचे उत्तर ध्वनीतून मिळेना. ते उत्तर फक्त नाव आणि क्रमांक यांतच होते.

अलीकडच्या टप्प्यात शोधातून शब्दच वगळण्याचा प्रयत्न होत आहे. ध्वनीच्या आशयावरून वर्गीकरण करण्याचे संशोधन १९९० च्या दशकापासून चालू होते. २००० मध्ये सुरू झालेल्या इस्मिर परिषदेने त्याला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप दिले. आता बर्लिनची सायानाइट किंवा २०२२ मध्ये साउंडक्लाउडने विकत घेतलेली सिंगापूरची म्युझिओ यांसारख्या संस्थांच्या प्रणाली प्रत्येक तुकड्याचे रूपांतर संख्यांच्या एका दीर्घ मालिकेत करतात आणि ज्या तुकड्यांच्या मालिका परस्परांना जवळच्या, ते तुकडे सारखे मानतात. संकलक नमुन्यादाखल एखादे गाणे देतो आणि यंत्रणा त्यासारखे संगीत समोर ठेवते. वर्णनकाराच्या शब्दसंग्रहात नसलेला भावही यामुळे गवसू शकतो. मात्र नमुन्याशी साम्य हीच कसोटी झाल्याने अनपेक्षित जोडणी सुचवण्याचे जे काम ग्रंथपालाची स्मृती करीत असे, त्याला येथे जागा कमी उरते. शिवाय साम्य फार जवळचे झाल्यास मूळ गाण्याच्या हक्कधारकाशी वाद संभवतो.

या सर्व टप्प्यांचा एकत्र विचार करता असे म्हणावे लागते की तयार संगीताच्या व्यवसायात शब्दांना दोन वेगवेगळी कामे होती, संगीत सापडवून देणे आणि त्याच्या धन्याची ओळख सांगणे. वेष्टनावर ती शेजारी-शेजारी छापलेली असल्याने त्यांतील भेद दीर्घकाळ लक्षात आला नाही. पहिल्या कामाचा बराचसा भार यंत्र उचलू लागले आहे आणि पुढे कदाचित तो पूर्णतः उचलेल. दुसरे काम यंत्र ध्वनी ऐकून करू शकत नाही, कारण रचनेतील वाटे, करार आणि हक्कांचे हस्तांतर हे ध्वनीचे गुणधर्मच नसतात, ती माणसांनी आपसांत ठरवलेली आणि वेळोवेळी बदलणारी व्यवस्था असते. तुकडे शोधण्याचा खर्च जसजसा शून्याकडे जाईल, तसतसे अचूकपणे भरलेल्या नाव, वाटा आणि क्रमांक या रकान्यांवर संगीतकाराचे उत्पन्न अधिकाधिक अवलंबून राहील, आणि संग्रहांनी मेहनत कुठे घालावी याचे उत्तरही तेथेच आहे.