पंपाची जागा घेताना जमिनीचा ऐबही पाहा

आखातातून परतलेले आमचे कितीतरी बांधव महामार्गालगत जागा घेण्याच्या खटपटीत असतात. कधी ती जागा जुन्या पेट्रोलपंपाची असते, कधी पंपाच्या शेजारची. सातबारा पाहिला जातो, वारसांच्या सह्या घेतल्या जातात, भावाची घासाघीस होते. जमिनीच्या पोटात काय मुरले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. कापडाचा ताका आम्ही उलगडून, उजेडात धरून घेतो. जमीन कशी उलगडून पाहावी, ते येथे थोडक्यात देत आहोत.

पंपाच्या टाक्या आणि नळ जमिनीखाली असतात. गंजलेल्या पत्र्यातून किंवा सैल झालेल्या जोडातून थेंब थेंब गळती वर्षानुवर्षे चालू राहिली तरी वर काही दिसत नाही. मालवण भागात जांभा दगड आहे, तो भोकाभोकांचा. तारकर्ली-देवबागकडे तर नुसती वाळू, एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी. असल्या जमिनीत तेल झटकन खाली उतरते. पेट्रोल हलके म्हणून पाण्यावर तरंगते, पण त्यातले बेन्झिन पाण्यात विरघळते. बेन्झिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. आजच्या पेट्रोलमध्ये बेन्झिन १ टक्क्यापर्यंत चालते. हिशेब करा : एका लिटर पेट्रोलमधील सगळे बेन्झिन पाण्यात उतरले, तर आठ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपलीकडे जाते.

ही भीती केवळ कागदावरची नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्यात दाबोळीजवळ माटवे येथे विहिरींत पेट्रोल उतरले. तेथे कारण पंप नव्हता, जमिनीखालच्या इंधनवाहिनीची गळती होती. पण विहिरीला तेल कोठून आले याच्याशी काय देणेघेणे?

तपासणीची पहिली पायरी वहीची. टाकीत सळई घालून रोज घेतलेले माप, टँकरने आलेला माल आणि मीटरची विक्री यांचा मेळ पाहावा. उष्णतेने व वाफेने थोडी घट होतेच. पण घट दर महिन्यास एकाच बाजूने वाढत असेल तर शंका घ्यावी. पावसाळ्यात टाकीत पाणी सापडते काय, तेही विचारावे. ज्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत येते, त्याच भोकातून उन्हाळ्यात तेल बाहेर जाते. जुन्या टाक्या कोठे होत्या, केव्हा काढल्या, हे नकाशावर मागून घ्यावे.

दुसरी पायरी मातीची. टाकी, नळ आणि टँकर रिकामा करण्याची जागा यांच्याजवळ जाणकाराकडून भोके पाडून निरनिराळ्या खोलीची माती काढावी. नमुना काचेच्या बाटलीत, घट्ट झाकून, बर्फात न्यावा. उघडा राहिला तर बेन्झिन उडून जाते आणि खराब माती चांगली ठरते.

तिसरी पायरी पाण्याची. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे कळण्यास एका ओळीत नसलेली किमान तीन निरीक्षण-भोके लागतात. जांभ्यात पाणी पोकळ्यांतून वाट काढते. म्हणून जवळची विहीर निर्मळ आणि लांबची बिघडलेली, असेही घडते. मे महिन्यात आणि पावसानंतर, असे दोनदा नमुने घ्यावेत. क्षार आणि जंतूंच्या नेहमीच्या तपासणीत बेन्झिन येत नाही. प्रयोगशाळेत बेन्झिन, टोल्युईन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, असे नाव घेऊन मागावे. पंप २००० सालापूर्वीचा असेल तर शिसेही तपासावे, कारण तोवर शिसेयुक्त पेट्रोल मिळत होते.

विहिरीला तेलाचा वास आलाच तर मोटार सुरू करू नये, दिवा किंवा विडी जवळ नेऊ नये. पाणी उकळून पिण्याने हा दोष दूर झाला असे समजू नये. ताबडतोब तहसीलदार व प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांविषयी नियम काढले आहेत. ज्याने घाण केली त्यानेच सफाईचा खर्च द्यावा, हे त्यांचे सूत्र आहे.

विकणाऱ्या बांधवांसही आमचे सांगणे आहे. खरेदीदारास सहज न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याने उघड करावा, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते. शरीअतचा हुकूम तर त्याहून जुना आहे. ऐब लपवून विकणे हराम, आणि ऐब निघाल्यास सौदा फिरवण्याचा हक्क खरेदीदारास आहे. फिक्हमध्ये त्यास खियार-ए-ऐब म्हणतात. पण सौदा फिरवता येतो, वाडीची विहीर फिरवता येत नाही. तिचे पाणी पिणारे शेजारी तर सौद्यात कोठेच नसतात. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच तपासणीचा अहवाल हाती घ्यावा आणि करारनाम्यास जोडावा.