मनाचं दुखणं, भाग ११ : हासोरीचा आवाज आणि दाराजवळची बाज

परीक्षेच्या भीतीवर या आठवड्यात लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. निलंगा तालुक्यातल्या हासोरीच्या शिवेलगतच्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून दुसरं काही लिहिणं मला जमेना.

‘आमच्या आत्याबाई अजून दारातच बाज टाकतात,’ असं ती सासूबद्दल लिहिते. उशाला बॅटरी, बाजेखाली चपला, पायथ्याशी कापडी पिशवी आणि तीत रेशनकार्ड, पासबुक. थंडी असो की पाऊस, दाराला कडी घालू देत नाहीत. आतल्या खोलीत भरदुपारीही एकट्या थांबत नाहीत. अंघोळीला गेल्या की न्हाणीचं दार अर्धं उघडं आणि नात बाहेर उभी. त्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं, आणि १९९३च्या भूकंपाच्या रात्री माहेरचं घर बसलं ते माणसांसकट. पत्राच्या शेवटी सुनेने विचारलंय, ‘इतकी वर्षं झाली, आता यावर इलाज आहे का? का हे असंच जायचं?’

इलाज आहे. इतक्या वर्षांनीही आहे. पण आधी घरातल्या माणसांनी एक वाक्य बोलायचं सोडलं पाहिजे, ते म्हणजे ‘काही होत नाही, उगं भिऊ नका.’

कारण आत्याबाईंचा अनुभव याच्या उलट आहे. १९९२च्या पावसाळ्यात किल्लारीला जमीन घुमायला लागली होती. दोन-तीन महिन्यांत शंभरावर लहान धक्के बसले, ऑक्टोबरमध्ये एक जरा मोठा बसला. लोक अंगणात झोपले. मग धक्के विरले आणि माणसं घरात परतली. पुढच्या वर्षी गणपती बुडवून, दमून सगळे आत झोपले आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या जाड भिंती माळवदाच्या वजनासकट अंगावर आल्या. ज्या बाईने हे पाहिलं तिला ‘काही होत नाही’ म्हणणं म्हणजे तिच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं. त्यात सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या हासोरीत जमिनीखालून गूढ आवाज यायला लागले, लोक रात्री बाहेर काढू लागले, पाहणीला तज्ज्ञ आले. नोंदले गेलेले धक्के फार कमी तीव्रतेचे होते. पण महिना तोच आणि आवाजही तसाच. मन जुनं पान उघडणारच.

मग उपचार करणाऱ्याने सांगायचं काय? हा पेच मला फार वर्षांपासून ओढ लावतो. कुत्र्याची भीती असेल तर गरीब कुत्रं जवळ आणून दाखवता येतं. पाण्याची असेल तर गुडघाभर पाण्यात उभं करता येतं. जमीन मात्र हलणार नाही याची हमी कोण देणार?

याचं उत्तर तुर्कस्तानात निघालं. १७ ऑगस्ट १९९९ रोजी तिथे इझमितच्या परिसरात भूकंप झाला, तोही रात्रीचा, ३ वाजून २ मिनिटांनी. सतरा हजारांवर माणसं गेली. पुढे कितीतरी दिवस लोक तंबूत राहिले. घर धड उभं असलेलेही आत जाईनात. अंघोळ करणं, अंधारात झोपणं, घरात एकटं असणं यांचीच धास्ती. पत्र वाचताना मला हीच यादी आठवली. मेतिन बाशोलू आणि एब्रू शालजिओलू यांनी तिथे या लोकांवर काम केलं आणि एक साधं पण धीट पाऊल उचललं: धोका नाही असं सांगायचंच नाही. पुन्हा धक्का बसेल, कदाचित बसणारही नाही; तोवर तुम्हाला भीतीच्या तालावर जगायचंय का, एवढंच विचारायचं. मग ज्या ज्या गोष्टी माणूस टाळतो त्यांची यादी करायची आणि एकेक करून त्यांना सामोरं जायचं. तासाभराच्या एका बैठकीत हे समजावून घरी पाठवलेल्या लोकांतल्याही बहुतेकांना पुढच्या काही महिन्यांत चांगला उतार पडला.

त्यांचा आणखी एक प्रयोग मला विशेष आवडतो. सामानसुमान मांडलेलं एक छोटं घर त्यांनी हलणाऱ्या पाटावर बसवलं. माणूस आत बसे, घर भूकंपासारखं हादरे. सुरू करणं, थांबवणं, जोर वाढवणं मात्र आत बसलेल्याच्या मर्जीवर. भूकंपाने हिरावलेला ताबा असा परत मिळे. छातीतली धडधड कमी झाली का, यापेक्षा ‘धडधडतंय, तरी मी इथे बसू शकते’ ही खात्री आली का, याला ते जास्त महत्त्व देत. गेल्या आठवड्याच्या भागात सांगितलेला धडधडीचा चढ आणि उतार आठवत असेल तर ही गोष्ट लगेच पटेल.

आता निलंग्यात असं हलणारं घर नाही, आणि त्याची गरजही नाही. आत्याबाईंचं घर पुरेसं आहे. सुनेने लिहिलंय की घर पिलर घेऊन बांधलेलं, स्लॅबचं आहे. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण घर जुन्या माळवदाचं, भिंतीला फुगवटा आलेलं असतं तर मी बाज बाहेरच ठेवा म्हटलं असतं. तिथे उपचार भिंतीवर व्हायला हवा. सावधगिरी कोणती आणि भीती कोणती हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: हे केल्याने जीव वाचायची शक्यता खरंच वाढते, की नुसती घटकाभर धडधड थांबते? उशाला बॅटरी असणं शहाणपणाचं. कपाट भिंतीला जखडणं, माळ्यावरची जड पिंपं खाली घेणं त्याहून शहाणपणाचं, आणि ते बहुधा कुणी केलेलं नसतं. भरदुपारी न्हाणीचं दार उघडं ठेवल्याने मात्र काही वाचत नाही. दर वेळी दार उघडं ठेवून सुखरूप बाहेर आलं की मन समजतं, दार उघडं होतं म्हणून वाचलो. अशी भीती वर्षानुवर्षं पोसली जाते.

सुरुवात सोप्यापासून करायची. दुपारी, सून घरात असताना, आतल्या खोलीत दार लोटून बसायचं. शेंगा फोडाव्यात, तांदूळ निवडावेत. बसताना भीती शंभरात किती ते विचारायचं, उठताना पुन्हा विचारायचं. ऐंशी म्हणाल्या तरी उठवायचं नाही. ‘थोडं अजून बसू’ म्हणायचं. रोज हेच. चार-सहा दिवसांनी सुनेने अंगणात जायचं. मग न्हाणीचं दार लावायचं, नात अभ्यासाला मोकळी. बाज सगळ्यात शेवटी, तीही एकेक हात आत. पुढची पायरी कोणती हे आत्याबाईंनी ठरवायचं, मुलाने नव्हे. जबरदस्तीने कडी लावली तर सगळं काम मागे जातं.

दोन गोष्टी सुनेने सांभाळाव्यात. बैठकीआधी झोपेची किंवा ‘घाबरू नये म्हणून’ दिलेली गोळी घेऊन बसवू नका. गुंगीत शिकलेलं मनाला टिकत नाही. मात्र नेहमीची चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम तोडूही नका. आणि ‘त्या रात्रीचं सगळं सांगून मोकळ्या व्हा’ असा आग्रह नको. आपत्तीनंतर लगेच लोकांना एकदा बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत जगभर होती. नीट तपासल्यावर तिचा उपयोग दिसला नाही. त्या आपणहून बोलल्या तर हातातलं काम सोडून ऐका.

त्या सारख्या रडत असतील, जेवण तुटलं असेल, गेलेल्या भावाबहिणींकडे जावंसं वाटतं असं म्हणत असतील, तर ही नुसती भीती नाही. मग घरच्या घरी प्रयोग करत बसू नका. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. जायची सोय लगेच होत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सुनेनेही स्वतःसाठी तिथे फोन करायला हरकत नाही. रात्री कडी न लावलेल्या घरात तीही झोपते आहे, आणि पत्रात स्वतःच्या झोपेबद्दल तिने एक शब्द लिहिलेला नाही.

राहिली परीक्षेची भीती. लातूरच्या शिकवणीवर्गांतल्या मुलांची पत्रं मी जपून ठेवली आहेत. नीटच्या पेपरात हात थरथरतो, पाठ केलेलं पुसलं जातं, असं ज्यांनी लिहिलं आहे त्यांनी पुढच्या अंकापर्यंत एवढं करावं: सराव पेपर खोलीत एकट्याने न सोडवता चार जणांमध्ये, घड्याळ लावून सोडवावा, आणि थरथर सुरू झाली तरी पेन खाली ठेवू नये. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.