ट्रॉलीतला सहा महिन्यांचा संसार

दसरा सरला की आमच्या धारूर तालुक्यात ओट्याओट्यावर कानशीचा आवाज सुरू होतो. कोयत्यांना धार लागत असते. दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या निघतात आणि डोंगरपट्ट्यातली गावं म्हाताऱ्यांच्या हवाली होतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं अशी ऊसतोडीला जातात. कुणी सोलापूर-साताऱ्याकडे, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो.

मी आई-वडिलांबरोबर नऊ हंगाम गेले. आता शाळेत शिकवते, पण ट्रॉली भरायच्या दिवशी आजही आईच्या मदतीला जाते. सहा महिने उघड्यावर राहायचं तर काय लागतं, हे तिच्याइतकं नेमकं सांगणारं माणूस मी पाहिलं नाही.

आधी जागेचा हिशेब. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. आमच्या टोळीत दहा कोयते आणि त्यांना मिळून एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. म्हणजे एका ट्रॉलीत पाच संसार, वर लेकरं, शेळ्या आणि कोंबड्यांची डालगी. घराच्या वाट्याला एका बाजेएवढी जागा येते. त्यामुळे प्रत्येक वस्तूला आईचा एकच प्रश्न असतो, “हिच्यावाचून अडंल का?”

सगळ्यात खाली कोपीचं, म्हणजे आमच्या झोपडीचं सामान जातं. बांबू, चटया, ताडपत्री आणि दोऱ्यांची वेटोळी. तळावर पोचल्यावर बांबू वाकवून जमिनीत रोवायचे, त्यावर चटई आणि ताडपत्री आवळून बांधायची, वाऱ्याच्या बाजूला उसाचं पाचट लावायचं. दोन-तीन तासांत कोपी उभी राहते. आत वाकूनच जावं लागतं. कोपीभोवती चर खणायचा, नाहीतर अवकाळी पाऊस थेट अंथरुणात येतो. चूल कोपीपासून चार हात लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडायची, कारण वाळलेलं पाचट एका ठिणगीनं पेटतं. ताडपत्री घेताना आई ती उजेडासमोर धरून बघते. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार.

त्यावर धान्य. बाजरी, ज्वारी, गहू, डाळ आणि वर्षाचं तिखट. चटणी-लोणच्याला बरणी नसते, झाकण घट्ट बसणारा डबा असतो, कारण रस्त्यात बरणी टिकत नाही. तवा लोखंडी, परात एक, पातेली एकात एक बसणारी. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या आणि दिवसभर उसाच्या फडात पुरवायच्या, म्हणून भाकरी बांधायची फडकी मात्र भरपूर.

हत्यारांचं गाठोडं आई स्वतः बांधते. दोघांना मिळून चार कोयते. मोडला तर दुसरा हाताशी हवा, कारण कामाचा खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. कोयते गावच्या लोहाराकडून आधीच शेवटून, म्हणजे पात्याला नवी धार काढून आणलेले असतात, परमुलखातल्या लोहाराचा हात कसा असेल सांगता येत नाही. कानस तेलाच्या चिंधीत गुंडाळलेली असते. त्याच गाठोड्यात वडिलांचे जुने पूर्ण बाह्यांचे सदरे असतात. आई ते लुगड्यावर घालते. उसाचं पातं ब्लेडसारखं कापतं आणि त्याची कूस अंगात शिरली की रात्रभर झोप लागत नाही. डोक्यावर मोळी वाहायला चुंबळ आणि पायात अंगठ्यापासून घोट्यापर्यंत झाकणारे बूट. आई पूर्वी चपलेवर जायची. एकदा तोडलेल्या उसाचं खोड तळपायात घुसलं, तेव्हापासून बूट यादीत आले.

सगळ्यात वर गोधड्या, गोधड्यांवर लेकरं. डिसेंबरात नदीकाठच्या तळावर थंडी हाडात शिरते, तेव्हा माणशी दोन गोधड्या लागतातच. तान्ह्या लेकरासाठी झोळीची साडी वेगळी ठेवतात. आई-बाप फडात असताना झोळी बांधावरच्या झाडाला टांगलेली असते.

गेल्या काही वर्षांत यादीत भर पडली आहे. सोलरचा दिवा, बॅटरी, मोबाईल. आणि प्लास्टिकच्या पिशवीतली कागदं, म्हणजे आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, लेकराचं लसीकरणाचं कार्ड. रेशनकार्ड आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही चालतं, हे अजून अनेकींना माहीत नाही. गरोदर बाईनं तपासणीचं कार्ड तर विसरूच नये. नव्या गावातल्या आरोग्य केंद्रात तेच तिची ओळख असतं.

एवढं भरून झालं की ट्रॅक्टरपुढे नारळ फुटतो आणि संध्याकाळी गाडी हलते. केज, कळंब, बार्शी करत रात्र सरते.

पण ट्रॉलीत काही गोष्टी मावत नाहीत आणि खरी अडचण तिथेच आहे. प्यायचं पाणी आम्ही दोन ड्रमांत साठवू शकतो, पण ड्रम भरायला नळ लागतो. संडास बरोबर नेता येत नाही, म्हणून तळावरच्या बाया अंधार पडेपर्यंत थांबतात आणि पाणी कमी पितात. पाळीच्या दिवसांत आडोसा मिळत नाही. तळावर दिवा नसेल तर साप-विंचवाचं भय रात्रभर उशाशी असतं.

परदेशात लोक गाडीमागे छोटं घर जोडून हिंडतात. त्यात पाण्याची टाकी, शेगडी, दिवा आणि संडास बसवलेला असतो. महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये अशा कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मुक्कामाच्या जागी पाणी आणि वीज लागते, हे राज्याने त्यात मान्य केलं आहे. चार दिवस मुक्काम करणाऱ्याला जे लागतं ते सहा महिने राहणाऱ्यालाही लागतं. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. माझ्या वर्गातली मुलं दिवाळीनंतर गायब होऊ नयेत, यासाठी तिचा मोठा आधार आहे.

कारखान्यांच्या पट्ट्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या शिवारात कोप्या पडतील तेव्हा तळाजवळ नळ आहे का, बायांसाठी संडास आहे का, रात्री दिवा लागतो का, हे एकदा जाऊन बघा. नसेल तर ग्रामपंचायतीत आणि कारखान्यात विचारा. बाकी सगळं आमची माणसं ट्रॉलीत भरून आणतात.