पोलिसांत फॉर्म दिला म्हणजे भाडेकरू तपासला?

बारामतीत भाड्याच्या खोलीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. एमआयडीसीत पियाजिओ, भारत फोर्ज, श्रायबरसारख्या कंपन्या, शहरात विद्या प्रतिष्ठान, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिकडे इंदापूर तालुक्यात लोणी देवकरची एमआयडीसी, भिगवणची पेपर मिल आणि तालुक्याच्या अंगणातून गेलेला पुणे-सोलापूर महामार्ग. कामगार, विद्यार्थी, नर्स, बँकेत बदलून आलेले कर्मचारी, सगळ्यांना खोली हवी असते. वालचंदनगरात कारखान्यानेच कामगारांसाठी वसाहत बांधली. तिथे काम देणारा आणि घर देणारा एकच, त्यामुळे माणूस कोण हे वेगळं विचारायची गरज नव्हती. वरचा मजला चढवून भाड्याने देणाऱ्या मालकाला मात्र ते स्वतःच विचारावं लागतं.

प्रश्न तीन असतात. हा माणूस सांगतो तोच आहे का? व्यवहाराची कायदेशीर नोंद झाली का? आणि याच्या हाती घर देण्याइतका भरवसा आहे का? तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात. एकाच कागदाने तिन्ही सुटतात असं समजलं की गैरसमज सुरू होतात.

गैरसमज १ : पोलिस ठाण्यात माहिती दिली, म्हणजे पोलिसांनी भाडेकरू तपासून दिला.

वस्तुस्थिती : आपण देतो ती माहिती असते, प्रमाणपत्र नव्हे. भाडेकरूचा फोटो, मूळ पत्ता, ओळखीच्या व्यक्तींची नावं असा तपशील पोलिसांच्या दप्तरी जातो. उद्या काही घडलं तर कोण कुठे राहत होतं हे त्यावरून शोधता येतं. फॉर्मची पोच मिळाली याचा अर्थ 'माणूस चांगला आहे' असा होत नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला हे वेगळं प्रकरण आहे. तो स्वतःच्या नावाने अर्ज करून ज्याचा त्याने काढायचा असतो. हवा असेल तर भाडेकरूलाच आणायला सांगावा.

माहिती देण्याची सक्ती येते ती बहुतेक वेळा मनाई आदेशातून. पुणे शहरात असा आदेश पोलिस आयुक्त काढतात. बारामती आणि इंदापूर पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने इथे तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ लागू आहे. आदेश चालू असताना तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यातून जीविताला धोका झाला तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंड ५,००० पर्यंत जातो. असा आदेश साधारण दोन महिन्यांचा असतो आणि पुन्हा काढता येतो. म्हणून 'सध्या आदेश आहे का' या वादात न पडता माहिती देऊन टाकलेली बरी.

फॉर्म द्यायचा तो घर ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे : बारामती शहर, बारामती तालुका, माळेगाव, वडगाव निंबाळकर, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर. मालक पुण्यात राहतो आणि फ्लॅट बारामतीत आहे, तर पुणे शहर पोलिसांकडे भरलेला फॉर्म कामाचा नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरूनही माहिती भरता येते. भाडेकरू परदेशी असेल, आणि इटालियन कंपन्यांचे कारखाने असलेल्या गावात ते अशक्य नाही, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती कळवावी लागते.

याचाच एक जोडगैरसमज आहे : भाडेकरूने गुन्हा केला की मालकही आरोपी. असं आपोआप होत नाही. पण घरात अमली पदार्थांचा किंवा वेश्याव्यवसायाचा धंदा चालतो हे ठाऊक असून मालकाने चालू दिला, तर त्या त्या कायद्यात मालकालाही शिक्षा आहे.

गैरसमज २ : बाँडवर अकरा महिन्यांचा करार लिहून नोटरी केली की पुरे.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातून पळवाट म्हणून अकरा महिने रूढ झाले. महाराष्ट्रात ती पळवाट महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ ने बुजवली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत किती, याने फरक पडत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा पुढचं वाक्य जास्त गंभीर आहे. नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे भाडं नऊ हजार ठरलं की सहा, अनामत तीस हजार दिली की साठ, या वादात मालकाची बाजू सुरुवातीपासूनच लंगडी. उलट लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मागता येते.

खर्चाची भीतीही वाजवीपेक्षा मोठी आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं, परत न करायची रक्कम आणि परतीच्या अनामतीवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. महिना ९,००० भाडं आणि ३०,००० अनामत धरली, तर अकरा महिन्यांसाठी साधारण अडीचशे रुपये होतात. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. जळोची, रुई, तांदूळवाडी आता बारामती नगरपरिषदेत आहेत, तिथे शहरी फी धरायची. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावायचीही गरज नाही. दोन्ही पक्ष आणि साक्षीदार अंगठा देऊन घरबसल्या ऑनलाइन नोंदणी करू शकतात.

गैरसमज ३ : आधारची झेरॉक्स घेतली की ओळख पटली.

वस्तुस्थिती : झेरॉक्सवर फोटो बदलणं हे कोणत्याही झेरॉक्स सेंटरवर दहा मिनिटांचं काम आहे. मूळ कार्ड पाहावं आणि त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर स्कॅन करावा. नाव आणि फोटो तिथे जुळले पाहिजेत. पूर्ण क्रमांक जपून ठेवायची गरज नसते. शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क केलेलं आधार पुरतं.

ओळख पटवण्याची सर्वांत खात्रीची जागा तर ऑनलाइन नोंदणीच आहे. तिथे भाडेकरूचा अंगठा थेट आधारच्या नोंदीशी ताडला जातो, आणि बनावट कार्ड तिथेच उघडं पडतं. 'नोंदणी नको, नोटरीच करू' असा आग्रह भाडेकरूच धरत असेल, तर कारण विचारावं.

गैरसमज ४ : पाहुण्यांनी पाठवलाय, कंपनीत कामाला आहे, मग चौकशी कशाला?

वस्तुस्थिती : आपल्याकडे निम्म्या खोल्या शब्दावर जातात. पाठवणारा पाहुणा ओळखीचा असतो, आलेला माणूस नसतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते इथे खरं ठरतं. पाहुण्याला राग येईल म्हणून करार टाळला जातो आणि शेवटी पाहुणाही दुरावतो.

'कंपनीत आहे' हे वाक्य नीट उकलून घ्यावं. कंपनीच्या गेटमधून आत जाणाऱ्यांत कायम कामगार असतात, शिकाऊ असतात आणि ठेकेदाराचे कामगारही असतात. ठेकेदाराचा माणूस वाईट नसतो, पण ठेका संपला की त्याचं काम आणि भाडं दोन्ही थांबू शकतं. ओळखपत्रावर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं ते पाहावं. पगाराची पावती किंवा पीएफचं पासबुक दाखवायला सांगावं. पासबुकात कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते दिसतं.

विद्यार्थी असेल तर महाविद्यालयाचा बोनाफाईड दाखला, आणि आईवडिलांशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलणं. वय अठराच्या आत असेल तर करार त्याच्याशी करून उपयोग नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करूच शकत नाही. बारावी किंवा नीटच्या क्लाससाठी आलेल्या मुलांच्या बाबतीत करार पालकांशीच करावा.

सर्वांत मोलाची चौकशी आधीच्या घरमालकाकडची. पण सध्याच्या मालकाला माणूस बाहेर काढायचा असेल, तर तो त्याचं कौतुकच करेल. म्हणून त्याच्याही आधीच्या मालकाला फोन करावा. 'माणूस कसा आहे?' असं विचारलं की 'चांगला आहे' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारावं : भाडं कोणत्या तारखेला यायचं? जाताना अनामतीतून काही कापावं लागलं का? लाइट बिल कोण भरायचं? परत खोली द्याल का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा थबकला, तर तेही उत्तरच आहे. कंपनीचा किंवा महाविद्यालयाचा नंबर भाडेकरूकडून न घेता स्वतः शोधून लावावा.

गैरसमज ५ : आडनाव आणि गाव कळलं की माणूस कळला.

वस्तुस्थिती : भाडं वेळेवर येईल का, याचं उत्तर जातीत किंवा प्रांतात नसतं. ते पगाराच्या पावतीत आणि आधीच्या मालकाच्या अनुभवात असतं. आडनाव पाहून चांगला भाडेकरू परत पाठवणारा आणि आडनाव पाहूनच वाईट भाडेकरूला चौकशीविना घर देणारा, दोघेही तोट्यात. शिवाय अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहत्या जागेपासून अडवणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे. 'सोसायटीचा नियम आहे' किंवा 'गल्लीतल्यांना चालत नाही' हा त्यावर बचाव होत नाही.

गैरसमज ६ : सिबिल स्कोअर चांगला, म्हणजे भाडेकरू चांगला.

वस्तुस्थिती : मोठ्या शहरांतलं हे खूळ आता इकडेही येतंय. इंग्लंड-अमेरिकेत भाडेकरूची आर्थिक माहिती काढून देणाऱ्या संस्था आहेत, त्यावरून ही कल्पना आली. आपल्याकडे ३०० ते ९०० मधला हा आकडा कर्जं आणि क्रेडिट कार्डांची परतफेड सांगतो. घरभाड्याचा इतिहास त्यात सहसा नसतो. कधी कर्जच न काढलेल्या मुलाला तर स्कोअरच नसतो. मालकाला दुसऱ्याचा अहवाल परस्पर काढता येत नाही. भाडेकरूने स्वखुशीने दाखवला तर पाहावा, त्यावर निर्णय टांगू नये.

गैरसमज ७ : मतदार यादीत नाव लागू दिलं, बारा वर्षं राहू दिलं, की घर त्याचं.

वस्तुस्थिती : मतदार नोंदणी माणूस सर्वसाधारणपणे कुठे राहतो यावर होते. गॅस कनेक्शन, मतदार ओळखपत्र, मुलांच्या शाळेतला पत्ता, यातल्या कशानेही मालकी मिळत नाही. बारा वर्षांचा मुद्दा १९६३ च्या मुदत कायद्यातल्या प्रतिकूल ताब्याचा आहे. तो मालकाच्या हक्काला उघड नाकारून बसलेल्यासाठी असतो. भाडेकरू तर मालकाच्या परवानगीने राहतो आणि घर दुसऱ्याचं आहे हे भाडं देऊन दर महिन्याला मान्य करतो. या भीतीपोटी दर अकरा महिन्यांनी चांगला भाडेकरू हलवणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. करार वेळेवर नव्याने नोंदवला की काम भागतं.

गैरसमज ८ : भाडं थकलं तर कुलूप लावू, नाहीतर पाणी तोडू.

वस्तुस्थिती : १९९९ च्या कायद्याचं कलम २९ मालकाला पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडायला मनाई करतं. थकबाकीच्या कारणावरून भाडेकरूकडून ताबा मागण्याचा दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस आणि ९० दिवसांची वाट. 'नव्या केंद्रीय कायद्याने सगळं बदललं, अनामतही दोनच महिन्यांची' असे मेसेज फिरतात. २०२१ चा आदर्श भाडेकरी कायदा हा केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने तो स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही.

माणूस बाहेर काढायला महिने लागतात, तर आत घेण्याआधी दोन दिवस लावायला हरकत नसावी. म्हणून क्रम असा ठेवा : आधी आधीच्या मालकाला आणि कामाच्या ठिकाणी फोन, मग अंगठ्यासह नोंदवलेला करार, मग पोलिस ठाण्यात माहिती, आणि सगळ्यात शेवटी किल्ली. यातलं पहिलं काम सरकार, पोलिस किंवा एजंट तुमच्यासाठी करणार नाहीत. ते मालकालाच करावं लागेल.