चकाचक नको, जसं होतं तसं!

कोल्हापूरचा शाही दसरा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून दसरा चौकात येतात आणि सगळे मोबाइल तिकडे वळतात. आपण पाहतो बाहेरचा रंग. पण जुन्या आलिशान गाडीची खरी परीक्षा दार उघडल्यावर होते. डॅशबोर्डचं लाकूड, सीटचं चामडं, छताचं कापड... हे मूळचं आहे की नंतर चढवलेलं?

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या डॅशबोर्डवर अक्रोडाचं लाकूड दिसतं. ती अख्खी फळी नसते बरं का! खालच्या साध्या लाकडावर चिकटवलेला तो पातळ पापुद्रा असतो, म्हणजे व्हिनियर. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे काप पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून लावतात, म्हणून डावी-उजवी नक्षी जुळते. एक तुकडा बिघडला की जोडी तुटली.

हे मला कसं कळलं? चूक करून. आमच्या घरी आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. लॉकडाऊनमध्ये हौसेनं त्याला पॉलिश पेपर मारला. दहा मिनिटांत कोपऱ्यावरचा पापुद्रा गेला आणि खालचं फिकं लाकूड उघडं पडलं. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘पोरी, आता हा तुझा रेडिओ झाला, माझा नाही.’’ ते अजून टोचतं.

म्हणून तुमच्या घरी जुनी गाडी, रेडिओ, शिसवी कपाट काहीही असेल, तर आधी फोटो काढा. मग मूळ रंग शोधा. तो घड्याळाच्या किंवा मीटरच्या कड्याखाली सापडतो, कारण तिथं ऊन पोचलेलं नसतं. उन्हानं अक्रोड फिका पडतो, आणि आपल्या यवतमाळचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे!

नंतर पॉलिश ओळखा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा हलकेच लावा. चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे आपल्या सुतारांचं चपडी पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ पडलं, तर बहुधा लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही, तर नंतर कुणीतरी आधुनिक कोटिंग चढवलेलं असू शकतं. हे कळल्याशिवाय घासायला घेऊ नका. नुसता मळ असेल, तर ओलसर मऊ फडकंही पुरतं.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. डॅशबोर्डच्या पापुद्र्याची काळजी मात्र आपणच घ्यायची.

सागवानाचा आपला जिल्हा. लाखेचं पॉलिश हातानं करणारे जुने सुतार तुमच्याही ओळखीत असतील. पुढच्या सुट्टीत त्यांच्याजवळ तासभर बसा. रील बनवा हवं तर. पण पॉलिश पेपर हातात घेण्याआधी त्यांना एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं.