नामांकित ब्रँडचे बेस मॉडेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या मालिकेतील सर्वांत कमी किमतीच्या फोनला किंवा लॅपटॉपला ‘बेस मॉडेल’ म्हणतात. महागड्या ब्रँडची वस्तू पहिल्यांदाच घेणाऱ्या विद्यार्थ्याची किंवा नोकरदाराची धाव बहुधा या मॉडेलपर्यंतच असते. हप्ते फेडत घेतलेली वस्तू वर्षभरात तोकडी पडली की मनस्ताप होतो, आणि त्याच्या मुळाशी अनेकदा खरेदीपूर्वीचे गैरसमज असतात. ॲपलच्या उत्पादनांवरून ते नीट समजतात.

गैरसमज : नाव किंवा रूप सारखे, म्हणजे यंत्रही एकच.
वस्तुस्थिती : २०२०च्या, एम१ प्रोसेसर असलेल्या मॅकबुक एअर लॅपटॉपमध्ये २५६ जीबी स्टोरेज दोन मेमरी चिपांत विभागलेले होते. २०२२च्या एम२ एअरच्या २५६ जीबी मॉडेलमध्ये मात्र एकच चिप होती. दोन चिपांवर एकाच वेळी वाचन-लेखन होते, एकीवर ती सोय नाही. त्यामुळे नव्या आणि अधिक महाग यंत्राचा वाचनवेग चाचण्यांत जुन्याच्या जवळपास निम्मा भरला. ५१२ जीबीच्या एम२ एअरमध्ये ही उणीव नव्हती. आयफोन १५ आणि १५ प्रो यांचे यूएसबी-सी पोर्ट दिसायला सारखेच, पण पहिल्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि दुसऱ्याचा १० गिगाबिटपर्यंत आहे.

गैरसमज : किंमत कमी, कारण बनवण्याचा खर्च कमी.
वस्तुस्थिती : कधीकधी खर्च तितकाच असतो. आयबीएमचा लेझर प्रिंटर मिनिटाला १० पाने छापी. त्याच्या १९९०च्या स्वस्त ‘ई’ आवृत्तीचे यंत्र तेच होते, पण ते ५ पानांवर रोखण्यासाठी आत जादा चिप घातलेली होती. इंटेलने १९९१मध्ये ४८६ प्रोसेसरमधील गणिती भाग बंद करून ‘४८६ एसएक्स’ विकला. स्वस्त वस्तू इतकी चांगली होऊ नये की महाग वस्तूचे गिऱ्हाईक तिच्याकडे वळेल, हे त्यामागचे सूत्र. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्युई यांनी १८४९मध्येच रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबाबत ते मांडले होते : छप्पर नसण्याचे कारण छपराचा खर्च नसून, वरच्या वर्गाचे भाडे परवडणारा प्रवासी खाली येऊ नये, हे होते. तरीही प्रत्येक कपात मुद्दाम केलेली नसते. एखादा ग्राफिक्स कोअर सदोष निघालेल्या चिपा तो कोअर बंद करून स्वस्त मॉडेलमध्ये वापरतात, आणि त्यामुळे माल वाया जात नाही.

गैरसमज : ॲपलची ८ जीबी रॅम इतरांच्या १६ जीबीइतकी.
वस्तुस्थिती : २०२३मध्ये १,५९९ डॉलरचा मॅकबुक प्रो ८ जीबी रॅमसह आला, तेव्हा कंपनीच्या एका उपाध्यक्षांनी असाच दावा केला. मॅक प्रणाली मेमरीतील माहिती दाबून बसवते आणि गरजेनुसार वेगवान स्टोरेजचा आधार घेते, त्यामुळे हलकी कामे सुरळीत होतात. पण त्याच ८ जीबीतून ग्राफिक्सलाही वाटा जातो. व्हिडिओ संपादन, मोठी छायाचित्रे आणि एकाच वेळी उघडलेले अनेक प्रोग्राम यांना लागणारी जागा ब्रँड बदलल्याने कमी होत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये ॲपलने आपल्या मॅकसाठी १६ जीबी ही किमान रॅम केली, आणि मॅकबुक एअरची सुरुवातीची किंमतही वाढवली नाही.

गैरसमज : आज कमी घ्यावे, पुढे वाढवता येईल.
वस्तुस्थिती : मॅकबुक एअरची रॅम २००८च्या पहिल्या मॉडेलपासून बोर्डवर कायमची जोडलेली आहे. आयफोनला मेमरी कार्डाची सोय कधीच नव्हती. फाइलींसाठी बाहेरून एसएसडी लावता येते, रॅम मात्र लावता येत नाही. म्हणून तिचा निर्णय खरेदीच्या दिवशीच करावा लागतो. ८ जीबीवरून १६ जीबीवर जाण्यासाठी भारतात २०,००० रुपये जादा पडत.

गैरसमज : जाहिरातीतली किंमत हाच एकूण खर्च.
वस्तुस्थिती : ऑक्टोबर २०२०पासून आयफोनच्या खोक्यात चार्जर नसतो. आयक्लाउडवर फुकट जागा केवळ ५ जीबी मिळते. आयफोन १५ला १२८ऐवजी २५६ जीबीसाठी १०,००० रुपये अधिक मोजावे लागत. चित्रे काढण्यासाठी आयपॅड घ्यायचा, तर पेन्सिल वेगळी घ्यावी लागते.

गैरसमज : बेस मॉडेल म्हणजे हमखास तोटा.
वस्तुस्थिती : एम१ एअरमध्ये त्या वेळच्या १३ इंची मॅकबुक प्रोचीच चिप होती. २०१६च्या आयफोन एसईला २०२१चे आयओएस १५ही मिळाले. २०२४चा एम४ मॅक मिनी १६ जीबी रॅमसह ५९,९०० रुपयांना आला. आयफोन १६चा पडदा ६० हर्ट्झचा होता, पण २०२५च्या आयफोन १७मध्ये १२० हर्ट्झचा पडदा आणि किमान २५६ जीबी स्टोरेज आले. म्हणजे मोल वर्षागणिक बदलते, आणि ते ब्रँडच्या नावावरून नव्हे तर तपशिलावरून ठरवावे लागते. कोणती गोष्ट कमी केली आहे, आपल्या कामाला ती लागते का आणि नंतर बाहेरून जोडता येते का, हे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. लागणारी गोष्ट नंतर जोडता येत नसेल, तर वरचे मॉडेल किंवा दुसरा ब्रँड पाहणेच हिताचे.