घरातील आपत्कालीन हत्यारे : निवड व जपणूक

पेढीवरील काटे, पोती व दोर यांची जितकी निगा आपण व्यापारी राखतो, तितकी घरातील हत्यारांची राखत नाही, हे आम्ही स्वानुभवानेच कबूल करतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा या नद्यांना महापूर येऊन बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागात पाणी शिरले व पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. त्या वेळी आम्ही व चिरंजीव गुदामात गव्हाच्या थप्प्या वर चढविण्यात गुंतलो होतो. घरी सूनबाई व वृद्ध मातोश्री अशा दोघीच होत्या. मातोश्रींच्या खोलीचे लाकडी दार पाण्याने फुगून चौकटीत रुतले. पहार गुदामात, आणि हातोडी कोठे, हे आम्हांसच ठाऊक नव्हते! अखेर सूनबाईंनी वरवंटा उचलून दाराची फळी फोडली, तेव्हा मातोश्री बाहेर आल्या.

म्हणून हत्यार निवडताना, ते त्या वेळी कोणाच्या हाती येणार, हे प्रथम पाहावे. दुकानाच्या वेळी घरात बहुधा स्त्रिया, मुले व वृद्ध असतात. आमची पाच फुटी पहार घरी असती, तरी बोळात ती फिरविता आली नसती. अडीच फुटी, एका टोकास खिळे उपटण्याची नखी असलेली पहार घरास पुरते. तिच्या जोडीस बेताच्या वजनाची हातोडी, पक्कड, पेचकस, आणि घरातील नळाच्या मुख्य चावीस बसवून पाहिलेला पाना असावा. पक्कडीच्या मुठीवर रबर आहे म्हणून चालू तारेस ती लावू नये. विजेचा मुख्य खटका पाणी आत येण्यापूर्वीच बंद करावा. पाण्यात उभे राहून त्यास हात लावू नये. गॅसची चावी हातानेच फिरते. मात्र ती सर्वांस फिरविता आली पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. अशा वेळी बाहेरची मदत येईपर्यंत शेजारीच ढिगारा उपसतात. त्यासाठी जाड हातमोजे हवेत. कातडी नको असल्यास जाड कॅनव्हासचे चालतात. एक शिटीही असावी. तागाचा दोर ओलीत कुजतो, नायलॉनचा टिकतो. पण तो निसरडा असल्याने एक गाठ अधिक मारावी. विजेरीतील सेल काढून वेगळे ठेवावेत, नाही तर ते पाझरून विजेरीच निकामी होते. लोखंडास यंत्राचे तेल लावावे. खाद्यतेल चिकट होते. हे सांगण्याचे कारण, आम्ही तेच लावून बसलो होतो.

पूर येणाऱ्या गावी ही पिशवी तळमजल्यावर नको, आणि कुलपात तर मुळीच नको. आमची जिन्याच्या वरच्या टोकास खुंटीवर टांगलेली असते. चातुर्मास लागण्यापूर्वी सूनबाई ती उतरवून एकेक जिन्नस मोजतात. गेल्या वर्षी विजेरी नव्हती. ती नातवाने सहलीस नेली होती.